तोंडावरचा उजेड

नवरी उन्हातान्हात कितीही रापलेली असो, भूपेशच्या कॅसेटमध्ये ती उजळच दिसायची. माणिकपुरातलं त्याचं व्हिडिओचं दुकान त्या एका गोष्टीवर चाललं होतं. लग्न मांडवातलं असो की चर्चमधलं, कुणाच्या तोंडावर सावली पडली की याचा जीव वरखाली होई. मग हॅलोजन इकडे, थर्माकोलचा पांढरा तक्ता तिकडे. तक्त्यावर पडलेला उजेड उलटा तोंडावर घ्यायचा आणि हनुवटीखालचा काळोखही पुसून टाकायचा. माणसाला आपल्या कसबाची एवढी सवय लागू नये, पण लागते.

म्हणून रचना जेव्हा म्हणाली, "या वेळी तोंड दिसायलाच नको," तेव्हा त्याला हसूच आलं.

रचना दर शनिवारी केबलवर गावच्या बातम्यांचा कार्यक्रम करायची. तिच्यासोबत खाडीकाठच्या शेतकरी घरातली जिजा आली होती. जिजाच्या भावाने, धर्माने, बिल्डरशेठला जमीन विकायला नकार दिला होता. पंधरवड्यापूर्वी त्याला बांधावरून उचलून एका पांढऱ्या सुमोत कोंबलं, आणि तो काही परत आला नाही. कोंबणारी माणसं जिजाने ओळखली होती. पण त्या सकाळी शेतात गावातल्या बऱ्याच बाया लावणीला होत्या. त्यांतली बोलली कोण, एवढंच त्या माणसांना कळता कामा नये.

"दादा, माजी पोर लहान हाय," जिजा म्हणाली. "तोंड दिसला तर आमी दोगी उरायच्या नाय."

"ताई, माझ्यावर सोडा ना," भूपेश म्हणाला. "तुमची सख्खी आई बघेल ना, तरी ओळखणार नाही."

आवाजाचीही भीती नव्हती, तो रचना स्वतःचा घालणार होती. भूपेशने दुकानामागच्या खोलीचे पडदे ओढले. रिकाम्या भिंतीपुढे, जरा अंतर सोडून, जिजाला खुर्चीवर बसवलं. हॅलोजन लावताना एक चुकून तिच्या तोंडावर आला. तिने दचकून डोळ्यांवर आडवा हात धरला. त्याने तो झटकन वळवला आणि दोन्ही दिवे तिच्या मागच्या भिंतीवर सोडले. तिच्या तोंडावर एकही नाही. भिंत दुधासारखी पांढरी झाली आणि तिच्यापुढे जिजा नुसती काळी आकृती उरली.

मग कॅमेऱ्याकडे जाता जाता, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याने कोपऱ्यातला थर्माकोलचा तक्ता उचलला आणि जिजासमोरच्या स्टुलाला टेकवून ठेवला. आपण काय केलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही. कॅमेऱ्याच्या काचेत अंगठ्याएवढं चित्र दिसायचं, तेही काळं-पांढरं. त्यात तिचं तोंड काळंच होतं. रचनाने डोळा लावून पाहिलं आणि मान डोलावली.

जिजा न अडखळता बोलली. तिने जितेशचं नाव घेतलं तसं भूपेशने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. जितेश म्हणजे बिल्डरशेठचा उजवा हात, आणि त्याच्या लग्नाची कॅसेट भूपेशनेच केली होती.

"नावं मी कापते," रचना म्हणाली. तिने ती कापलीही.

शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम सुरू व्हायला आणि जितेश दुकानात यायला एकच गाठ पडली. शेठकडे वास्तुशांत होती, तिचं शूटिंग ठरवायला तो आला होता. भूपेशने टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," जितेश म्हणाला. "शेठने बघायला सांगितलंय."

तो स्टुलावर बसला. पडद्यावर पांढरी भिंत आणि काळी बाई. रचनाचा आवाज सुमोबद्दल सांगत होता. भूपेश मनातल्या मनात देवाचं नाव घेत होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा खूशही होता. काम चोख झालं होतं.

"अंधारच आहे रे सगळा," जितेश म्हणाला. तो उठला, टीव्हीपाशी गेला आणि ब्राइटनेसचं बटण फिरवू लागला.

भिंत फटफटीत झाली. मग त्या काळ्या आकृतीत कपाळ आलं. नाक आलं, ओठ आले. शेवटी बोलणारी जिजा समोर आली, धुरकट, पण अगदी जिजाच. तेव्हा भूपेशला स्टुलाला टेकवलेला तक्ता आठवला.

जितेश बघत राहिला. रागावला नाही, काही नाही. मग त्याने बटण होतं तिथे परत आणून ठेवलं.

"तू लाईट झकास मारतोस हां," तो म्हणाला. "तोंडावर काळोख म्हणून ठेवत नाहीस."

जितेशची पांढरी सुमो वळून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा भूपेशने शटरही न ओढता स्कूटरला किक मारली. जिजाचं घर मिठागराच्या बांधावरून जवळ पडतं, तिथून सुमो जात नाही. तो स्वतःला शिव्या घालत, अंधारात घसरत, पडता पडता वाचत गेला.

जिजा ओट्यावर पोरीला भात भरवत बसली होती. अंगणात दिवा नव्हता. आवाजावरून तिने त्याला ओळखलं.

"पायलास का रे दादा? मी शेजारी जाऊन पायला. माजी मलाच वळख पटली नाय!" ती हसली. त्याने तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

"ताई, पोरीला घ्या," भूपेश म्हणाला, "आणि आत्ताच्या आत्ता..."

त्याच्या पाठीमागून गाडीच्या दोन्ही दिव्यांचा उजेड आला. अंगण, ओटा, भाताची ताटली, सगळं उजळलं. जिजाचं तोंड पूर्ण दिसलं, हनुवटीखालीसुद्धा सावली नव्हती.

तिने डोळ्यांवर आडवा हात धरला.