दुसरीचे हात

वहिनींच्या स्वयंपाकघराला पडदा नव्हता, खिडकीला नव्हता तसा बोलण्यालाही नव्हता. केकच्या ऑर्डरी त्या घरातूनच करायच्या, आणि करताना मोबाइल ओट्यावरच्या बरणीला टेकवून सगळं जगाला दाखवायच्या. ‘केकवाल्या वहिनी’ हे त्यांच्या पेजचं नाव. स्पंज बसला तर बसलेला दाखवायचा, क्रीम फाटलं तर फाटलेलं. नवऱ्याशी वाजलं तर तेही हसत हसत सांगून टाकायचं. “आपल्याकडे लपवाछपवी नाही बरं का,” व्हिडिओच्या शेवटी त्या म्हणायच्या, “कर नाही त्याला डर कशाला!” बघणाऱ्या बायका हे वाक्य त्यांच्या आधीच टाइप करून मोकळ्या व्हायच्या.

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला. घरात-दारात सगळे त्यांना दादा म्हणत. “उद्या माझ्या बनियनची भोकंसुद्धा मोजतील ही माणसं,” असं कुरकुरत ते कॅमेऱ्यासमोरून वाकून जायचे. त्या वाकण्यालाही लोकांचे लाइक पडायचे.

एका दुपारी दादांची धाकटी बहीण एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. वहिनी तिला लग्नापासून थट्टेने ‘वन्सं’ म्हणायच्या, तेच पुढे चिकटलं. या वेळी मात्र थट्टा सुचावी असा तिचा चेहराच नव्हता.

“फोन कुठंय तुझा?” वहिनींनी विचारलं.

“तिकडेच ठेवून आले. तो फोन म्हणजे त्याचा डोळा आहे, वहिनी.”

तिचा नवरा म्हणजे सगळ्या नात्यागोत्यात नावाजलेला जावई. कधी आवाज चढवणार नाही, मोठ्यांसमोर पाय पसरून बसणार नाही. त्याने बायकोचे सगळे पासवर्ड मागून घेतले होते, स्वयंपाकघरात कॅमेरा लावला होता, आणि ती कुठे आहे हे त्याला बसल्या जागी दिसायचं. नवरा-बायकोत कसला आलाय आडपडदा, असं तो गोड हसून म्हणायचा. एकदा ती न सांगता मैत्रिणीकडे गेली. परत आल्यावर त्याने तिची डाव्या हाताची करंगळी धरली आणि हळूहळू मागे वाकवत नेली, मोडेपर्यंत. मग स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेला. करंगळी वाकडीच जुळली.

“तुमचं हे नवं घर त्याने पाहिलेलं नाही. एवढंच कर,” ती म्हणाली, “मी इथे आहे हे कुठे दिसू देऊ नकोस.”

“माझ्या तोंडाला कुलूप,” वहिनी म्हणाल्या. आणि त्यांनी ते पाळलंही. नणंद स्वयंपाकघरात आली की मोबाइल उताणा पडायचा.

मग वहिनींचं मनगट सुजलं. हातात क्रीमची पिशवी धरवेना आणि लग्नाची मोठी ऑर्डर तोंडावर. नणंदेने न बोलता पिशवी उचलली आणि गुलाब काढायला लागली. काय गुलाब होते ते! पाकळीवर पाकळी अशी, की वहिनी मनगट विसरून बघत राहिल्या.

“वन्सं, व्हिडिओत नुसते हात घेऊ का गं? चेहरा नाही, आवाज नाही.”

नणंदेने हातातला गुलाब पुरा केला. “नुसते हात ना? घे.”

वहिनींनी स्वतःची अंगठी तिच्या बोटात घातली, म्हणजे कुणाला वेगळं वाटायला नको. तेवढी एक लबाडी त्यांनी हसत हसत केली.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. आणि कौतुकाच्या त्या रांगेत कुणीतरी साधाच प्रश्न टाकला : वहिनी, तुमची करंगळी कधीपासून वाकडी?

मग काय, लोकांना कामच मिळालं. जुन्या व्हिडिओतले हात आणि नवे हात शेजारी शेजारी लावले गेले. लाल गोल काढले गेले. केक करतंय कोण? हे कोणाचे हात? आम्हाला इतकी वर्षं बनवलंत का? पारदर्शक म्हणवता ना स्वतःला? दोन ऑर्डरी परत गेल्या.

“हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच,” दादा म्हणाले. “पेज बंद कर काही दिवस.”

“बंद केलं की म्हणतील, चोराच्या मनात चांदणं.”

“म्हणू देत की!”

पण वहिनींना ते सोसेना. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला, तिच्यावरच लोक थुंकत होते. नणंद गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेवढ्यात त्यांनी मोबाइल बरणीला टेकवला आणि भरल्या डोळ्यांनी बोलल्या, “हे हात माझ्या नणंदेचे आहेत. फार सोसून आलीय बिचारी. मी हात जोडते, तिच्याबद्दल काही विचारू नका.”

व्हिडिओखाली लाल बदामांचा पाऊस पडला. फसवणूक म्हणणाऱ्यांनी माफी मागितली. वहिनींना दोन दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

नणंदेने तो व्हिडिओ पाहिला आणि रिकामी बादली घेऊन ती जमिनीवरच बसली. “वहिनी, तू दार सताड उघडलंस,” ती म्हणाली, “आणि वर पाटी लावलीस, कृपया आत येऊ नये.”

वहिनींनी तो व्हिडिओ तिथल्या तिथे काढून टाकला. पण बाण सुटला होता. ज्याला बघायचं होतं त्याने बघितलं होतं, आणि ज्याला जपून ठेवायचा होता त्याने जपला होता.

काही दिवस शांततेत गेले. मग एक ऑर्डर आली. नवीन गिऱ्हाईक, नाव अनोळखी, मेसेज अगदी नम्र. वहिनी सवयीने मोठ्याने वाचायला लागल्या, “मध्यम आकाराचा केक. गुलाब तुमच्या नणंदेच्याच हातचे हवेत. आज संध्याकाळी घ्यायला येतो. वर लिहायचं आहे, ‘बाहुली, पुरे झालं आता.’ कसलं गं मेलं विचित्र...”

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. क्रीमची पिशवी फरशीवर फुटली होती आणि नणंद ओट्याला धरून उभी होती.

“तो मला बाहुली म्हणतो,” ती म्हणाली. “त्याच्याशिवाय कुणी नाही.”

“या नव्या घराचा पत्ता कुणी दिला त्याला?”

“तुझ्याकडून केक नेलेल्या कुणीही दिला असेल. चांगल्या मनाने.”

तिने आपली कपड्यांची पिशवी भरायला घेतली. वहिनींनी पिशवीचा बंद धरला. “कुठे जाशील?”

“सांगणार नाही. तुला माहीत नसलं तर तुझ्या तोंडून निघणार नाही.” आवाजात राग नव्हता, आणि वहिनींना तेच जास्त लागलं. मागच्या जिन्याने ती निघून गेली.

वहिनींनी दादांना फोन केला. ते निघालेच, पण जावई त्यांच्या आधी पोचला. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि छातीशी धरलेला मोबाइल.

“वहिनी, लाइव्ह आहे हं,” तो हसून म्हणाला. “तुमच्यासारखंच. माझ्याकडेही लपवाछपवी नाही. बायको न सांगता निघून आली, तिला न्यायला आलोय. सगळे आशीर्वाद देताहेत बघा.”

“ती इथे नाही.”

“म्हणजे होती.”

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. त्याच्या हातातल्या पडद्यावर अक्षरं भराभर वर सरकत होती, आणि त्यांतली कितीतरी नावं त्यांच्या ओळखीची होती. त्यांचीच माणसं. घर दाखवा ना वहिनी. काय लपवताय वहिनी. बिचारा किती प्रेमाने आलाय.

“बघू का आत? लोक म्हणताहेत म्हणून.”

दार त्याच्या तोंडावर आपटावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण इतके लोक बघत होते. त्या बाजूला झाल्या.

तो सगळ्या खोल्यांतून शांतपणे फिरला. कुठे हात लावला नाही, काही उचकटलं नाही. नणंदेच्या अंथरुणापाशी मात्र जरा थांबला आणि उशी सारखी केली. “थंडीत तिची करंगळी दुखते हो,” तो कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला. “काळजी वाटते.” आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले.

जाताना दारात वळून म्हणाला, “बघणारे डोळे पुष्कळ आहेत, वहिनी. सापडेल.”

दादा आले ते वहिनींना घेऊन सरळ पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी तो व्हिडिओ आधीच पाहिला होता. “बायकोला प्रेमाने शोधतोय माणूस, त्यात गुन्हा काय लिहू?” ते म्हणाले. “तिची काही तक्रार असेल तर तिला घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी जावयाच्या व्हिडिओखाली फोटो जमायला लागले. ही का ती? आमच्या गल्लीत नवीन भाडेकरू आलीय, ही का? दवाखान्याच्या रांगेतल्या, बागेतल्या बाकावरच्या, भाजीच्या गाड्यापुढच्या बायका. कुणालाच आपला फोटो निघतोय याचा पत्ता नव्हता. वहिनी एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत होत्या. आणि मग एका फोटोपाशी त्यांची बोटं थांबली. बसस्टँडची खिडकी, पाठमोरी बाई, गजावर ठेवलेला डावा हात. तो हात त्यांनी कुठेही ओळखला असता. खाली कुणीतरी लिहिलं होतं : करंगळी नीट दिसत नाही, जवळ जाऊन काढता का?

वहिनींनी विचार केला नाही. केला असता तर हात उचललाच नसता. वरचाच एक फोटो त्यांनी धरला. दूरच्या गावातली बाई, औषधाच्या दुकानातून बाहेर पडतेय, तोंड अर्धवट वळलेलं. त्याखाली त्यांनी लिहिलं, “हीच माझी नणंद. मी चुकेन का?”

वहिनींचा शब्द म्हटल्यावर कोण शंका घेणार? बसस्टँडचा फोटो बघता बघता खाली बुडाला.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. “पोचले,” नणंद म्हणाली. “कुठे ते विचारू नकोस.” एवढंच. वहिनी ओट्याला टेकून रडल्या. दादांनी पाण्याचा पेला दिला आणि तेही कितीतरी वेळाने हसले.

मग वहिनींनी मोबाइल उघडला. कुणाचं तरी लाइव्ह चालू होतं : त्या दूरच्या गावात, एका दारासमोर माणसांची गर्दी होती आणि प्रत्येकाच्या हातात फोन. दारात ती औषधाच्या दुकानातली बाई, अर्धे केस विंचरलेले.

“ताई, फक्त हात दाखवा,” गर्दी म्हणत होती.

“कोण तुम्ही? कोणी सांगितलं तुम्हाला?” ती ओरडत होती, आणि भीतीने तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते. ते लपवलेले हात बघून गर्दी आणखी पुढे सरकली.

वहिनींनी घाईघाईने टाइप केलं, “चूक झाली. ती ही नाही.” उत्तरं लगेच आली : वहिनींवर दबाव आहे. वहिनी घाबरल्यात. शेवटी त्या बाईच्या शेजाऱ्यांनी काठ्या घेऊन गर्दी हटवली. पण तिचं घर, कामाची जागा, मुलाची शाळा, सगळं तोवर लिहून झालं होतं.

जावई त्या गर्दीत नव्हताच. त्याचा मेसेज आला तो थेट वहिनींना. “खोटं पहिल्यांदाच बोललात ना, वहिनी? आभार. म्हणजे खरा फोटो आलेला आहे. आता सगळे पुन्हा निवांत बघतो.”

वहिनींनी धडपडत तो दुपारचा अनोळखी नंबर लावला. एका बाईने उचलला.

“मघाशी या फोनवरून बोलल्या त्या बाईंना द्या. फार निकडीचं आहे.”

“त्या होय? फोन मागून घेतला होता त्यांनी माझा. इथेच समोर राहायला आल्यात.” बाई बोलता बोलता थांबली, आणि मग तिचा आवाज आनंदाने फुलला. “अगबाई! तुम्ही केकवाल्या वहिनी का? मी आवाजच ओळखला! म्हणजे या बाई तुमच्या...”

वहिनींनी फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजायला लागला.