मागची उजवी बाजू

शनिवारी सकाळी कोणी बोलावलं नसताना थोरला भाऊ धाकट्याच्या दारात हजर झाला. हातात अर्धा भरलेला प्रायमरचा डबा, अंगात जुना खाकी शर्ट. धाकट्याला आनंदच झाला. धाकट्याच्या बायकोने मात्र एकदा थोरल्याकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहिलं. साडेसात वाजले होते. नऊच्या आत अंथरूण न सोडणारा माणूस हा.

मंगळवारी ट्रकचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी होती. नुसता गंज काढून रंग मारायचा गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून धाकटा "विचार करून सांगतो" म्हणत काढता पाय घेऊन आला होता. मग तारेचे दोन ब्रश, पत्र्याचे तुकडे, पॉलिश पेपर, खड्डे बुजवायच्या लांबीचा डबा आणि काळा रंग एवढं सामान आणून नवरा-बायकोने घराशेजारच्या मोकळ्या जागेत स्वतःच कामाला लागायचं ठरवलं. दोघांचा धंदा रोपांचा. कुंड्या, खत, मातीची पोती भरायची आणि लोकांच्या बागांपर्यंत पोहोचवायची. ट्रक तो चालवायचा, शेजारी बसून हिशेब आणि पत्ते ती सांभाळायची. ओली माती सांडून सांडून हौद्याच्या पत्र्याची चाळण झाली होती, दारं खालून कुरतडल्यासारखी दिसत होती आणि मडगार्डला बोट लावलं तरी पापुद्रे पडत होते.

पण हा गंज वरचा. खरा गंज कुठे आहे ते त्या तिघांत एकट्या थोरल्याला ठाऊक होतं.

ट्रक मुळात त्याचा. त्यावर त्याने अकरा वर्षं बर्फाच्या कारखान्याचं काम केलं होतं. बर्फाला लागलेलं मिठाचं पाणी हौद्यातून गळून चॅसीवर पडत राहिलं आणि मागच्या उजव्या बाजूला, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जरा पुढे, चॅसीचं लोखंड आतून खाऊन गेलं. त्याची नजर अधू झाली, गाडी विकायची वेळ आली, तेव्हा हे त्याच्या लक्षात आलं. त्याच सुमारास धाकटा कामाला होता तो कारखाना बंद पडला. "दादा, दुसऱ्याला कशाला देतोस, मलाच दे," असं तो म्हणाला. थोरल्याने त्या पोकळ जागेत तारेची जाळी कोंबली, वरून लांबी भरली, घासून गुळगुळीत केली आणि काळा रंग मारला. वर्षभरात सांगू, तोवर पोराचा जम बसेल, असं त्याने मनाला समजावलं. एका वर्षाची तीन झाली. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची जागाच बुजून गेली. आता धाकटा कुठेही माल घेऊन निघाला की हा घरात फोन उशाशी घेऊन बसायचा.

त्या सकाळी काम सुरू होताच तो म्हणाला, "मागची उजवी बाजू मी बघतो."

धाकटा हसला. गुडघे वाकत नाहीत आणि गाडीखाली कुठे शिरतोस, म्हणाला. दादाने दारं घासावीत, सावलीत बसून. खालचं सगळं तो स्वतः बघणार होता. थोरल्याने मग दुसरा मार्ग धरला. चॅसीला कशाला हात लावायचा, वरून काळ्या रंगाचा हात फिरवला की झालं, तपासणारा साहेब काय जमिनीवर लोळून बघणार आहे?

"आता लोळूनच बघतात," धाकट्याची बायको म्हणाली. "हातोडी घेऊन."

 थोरल्याने दार घासायला घेतलं, पण डोळा सारखा मागच्या चाकाकडे. दोन तासांत डावीकडचं दार, पुढचे मडगार्ड आणि हौद्याची एक बाजू चकचकीत झाली. धाकट्याची बायको कामाला वाघीण. गंज खरवडून काढायचा, चांगलं लोखंड लागेपर्यंत थांबायचं नाही, मगच प्रायमर, हा नियम तिने घालून दिला होता आणि नवऱ्यालाही त्यातून सूट नव्हती. थोरल्याने एका कोपऱ्यात गंजावरच प्रायमरचा ब्रश फिरवलेला तिच्या नजरेतून सुटला नाही. तो कोपरा तिने त्याच्यादेखत पुन्हा खरवडला.

अकराच्या सुमारास पॉलिश पेपर संपला. धाकट्याने थोरल्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. दुकानात गर्दी होती. एक बाई बिजागरी बदलून मागत होती आणि दुकानदार ती आधीच वापरलेली आहे म्हणून अडून बसला होता. थोरल्याचा जीव टांगणीला लागला. शेवटी पेपर घेऊन तो धापा टाकत परत आला आणि फाटकातच थबकला.

मागचं उजवं चाक निघालं होतं. जॅक बाजूला पडला होता. ट्रकचा मागचा भार एकावर एक रचलेल्या लाकडी ठोकळ्यांवर होता. आणि वरचा ठोकळा नेमका त्या जागेखाली होता. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. पण तिथला रंग सगळ्यात गुळगुळीत होता, म्हणून धाकट्याला तीच जागा सगळ्यात मजबूत वाटली असणार.

ट्रकखालून धाकट्याचे दोन पाय बाहेर आले होते. आतून तारेच्या ब्रशचा खरखर आवाज येत होता.

"अरे, बाहेर ये," थोरला म्हणाला. "पाणी पिऊन घे."

आतून उत्तर आलं, दोन मिनिटं.

"तुझा फोन वाजतोय."

धाकट्याची बायको हौद्याजवळ उभी होती. नवऱ्याचा फोन तिच्याच हातात होता. तिने फोनकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. "कुठे वाजतोय?" तिने विचारलं.

 पुढे थोरल्याने स्वतःच कबूल केलं, की त्या क्षणीसुद्धा तो आणखी एक थाप शोधत होता.  तेवढ्यात ठोकळ्याच्या वरून काळी पूड झरताना त्याला दिसली. पीठ चाळावं तशी, अगदी बारीक. मग कट् असा आवाज झाला.

"तिथे लोखंड नाहीये," तो म्हणाला.  "ठोकळ्याच्या वर लोखंड नाही, लांबी आहे. मी भरलीय. बाहेर ये."

ब्रशचा आवाज थांबला.

धाकट्याची बायको धावली. तिने नवऱ्याचे दोन्ही घोटे धरले आणि जोरात ओढलं, पण त्याचा शर्ट वर कशात तरी अडकला होता. कमरेपर्यंत बाहेर आला आणि तिथेच थांबला. जॅक लावायला वेळ नव्हता, लावला असता तरी गाडी हलली असती. थोरल्याने भिंतीला टेकलेलं चाक आडवं पाडलं आणि गुडघ्यांवर बसून, सगळं अंग टाकून ते चॅसीखाली ढकललं. ट्रकच्या आयुष्यात त्याने शंभर वेळा चाकं बदलली असतील, पण एवढं जड चाक त्याला कधी लागलं नव्हतं. चाक निम्मं आत गेलं, मग सगळं. शर्ट टरकन फाटला. धाकटा बाहेर ओढला गेला आणि बायकोच्या अंगावर आपटला.

ते दोघं उठून बसायच्या आत ठोकळा चॅसीत घुसला. ट्रकची मागची बाजू हातभर खाली आली आणि आडव्या चाकावर बसली. हौद्यातला एक सुटा पत्रा घसरून खाली पडला आणि बराच वेळ थरथरत राहिला.

धाकट्याच्या पाठीवर एक लांब ओरखडा उठला होता. बाकी काही नाही. ठोकळ्याभोवती लांबीचे तुकडे आणि गंजलेल्या जाळीचा बोळा पडला होता. त्याने तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"कधी भरलीस?"

"तुला दिली त्याच्या आदल्या आठवड्यात."

 बोलली ती धाकट्याची बायको, आणि तीही आवाज न चढवता.

"तीन वर्षं मी त्या केबिनमध्ये बसतेय, दादा. घाटात, पावसात, मागे टनभर माती घेऊन. तुम्ही हात करून आम्हाला निरोप द्यायचात."

 पैशांची नड होती, तुझी नोकरी गेली होती, सांगणारच होतो, हे सगळं थोरल्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. धाकट्याने त्याच्याकडे न बघता त्याला घरी जायला सांगितलं. तो गेला.

मंगळवारचं पासिंग बुडालं. ठरलेली दोन कामंही हातची गेली. धाकट्याने भंगारवाल्याकडून तशाच एका मोडीत काढलेल्या ट्रकच्या चॅसीचा सरळ, जाड तुकडा शोधून आणला. गंजका भाग कापून तो बसवायला एक वेल्डर घरी यायला तयार झाला, पण आधी सगळी चॅसी घासून उघडी करा, डिझेलची टाकी उतरवा, मगच मी मशीन लावीन, अशी त्याची अट होती. अट बरोबरच होती. त्यात पैसेही वाचत होते, फक्त घासायला माणसं हवी होती.

बुधवारी थोरला फाटकाशी येऊन उभा राहिला. धाकट्याने मान वर केली नाही. त्याच्या बायकोने केली.

"बसायला आला असाल तर जा," ती म्हणाली. "घासायला आला असाल तर ब्रश तिथे पडलाय."

तो तीन दिवस घासत होता. गुडघे साथ देईनात म्हणून जमिनीवर पोतं अंथरून कुशीवर पडून राहायचा. नाकातोंडात गंज जायचा. कोणी त्याच्याशी कामापलीकडे अक्षर बोललं नाही आणि त्यानेही बोलण्याची अपेक्षा ठेवली नाही. शुक्रवारी संध्याकाळी पुढून मागपर्यंत चॅसीचं खरं लोखंड दिसायला लागलं, तेव्हा धाकटा त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

"अजून काय काय आहे?" त्याने विचारलं. "आत्ता सांग. नंतर मला कळलं तर तुझं तोंड बघणार नाही."

थोरल्याने ब्रश खाली ठेवला. म्हणाला, "डाव्या ब्रेकची नळी. नवी घातली म्हणालो होतो. जुनीच आहे, पुसून बसवलीय."

"आणखी?"

"एवढंच. आईशप्पथ एवढंच."

धाकटा उठला, पाना घेऊन आला आणि त्याने ती नळी तिथल्या तिथे सोडवली. तिच्या एका वळणावर केसाएवढी भेग पडली होती. त्याने ती बायकोला दाखवली. तिने बघितली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

वेल्डर आला, एक आख्खा दिवस काम करून गेला. त्यावर लाल प्रायमरचे दोन हात, मग काळा रंग, सांध्यांच्या आत तेलाचा फवारा. तिसऱ्या आठवड्यात तपासणाऱ्या साहेबाने खरंच खाली झोपून हातोडीने ठोकून पाहिलं. सगळीकडून खणखणीत आवाज आला. कागदावर शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस कुंड्या पोहोचवायच्या होत्या. थोरला माल चढवायला आला होता. चढवून झाल्यावर नेहमीप्रमाणे तो बाजूला सरकला. धाकट्याच्या बायकोने केबिनचं दार उघडलं, पण ती आत चढली नाही.

"तुम्ही बसा आधी," ती म्हणाली. "मधे."

त्याने धाकट्याकडे पाहिलं. स्टिअरिंगवर बसलेला धाकटा समोर, रस्त्याकडे बघत होता. थोरला चढला. मधल्या जागेवर खांदे आवळून बसला. ती त्याच्या बाजूला बसली आणि तिने दार ओढून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी मोठा गतिरोधक होता. तो आला तसं तिघांपैकी कोणी श्वास घेतला नाही. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची. मागे कुंड्या एकमेकींवर किणकिणल्या आणि शांत झाल्या.

धाकट्याने गिअर बदलला. "दादा," तो म्हणाला, हा शब्द तीन आठवड्यांत पहिल्यांदाच उच्चारत, "पाय जरा आवर. गिअरला लागतोय."