पायरीवरचं पाणी

सोलापूरच्या त्या दवाखान्याला सरकारदरबारी कुणा गोऱ्या साहेबाचं लांबलचक नाव होतं, पण गावात सगळे त्याला पल्याडचा दवाखाना म्हणत. पल्याड म्हणजे कुठं, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. प्लेगच्या सालात तिथं नेलेली माणसं परत आली नव्हती, आणि लोकांनी ते मनात इतकं घट्ट धरून ठेवलं होतं की पुढं नवी इमारत झाली, लोखंडी खाटा आल्या, मुंबईला शिकलेले डॉक्टर आले, तरी ते वाईट नाव काही पुसलं गेलं नाही. वैदूनं हात टेकले, देवऋषी थकला, की मगच माणसाला तिकडं न्यायचं. आणि आत शेवटच्या घटकेला जवळ आपलं कुणी नसेल, म्हणून दवाखान्याच्या पायरीवरच त्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालून मोकळं व्हायचं. अर्धमेला माणूस ते पाणी गिळून आत जाई आणि आता आपलं संपलंच असं समजून खरोखरच डोळे मिटी. दोष मात्र दवाखान्याला!

चन्नम्मा तिथं नर्स होती. मैंदर्गीच्या लिंगायत घरातली, लहानपणीच विधवा झालेली आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मिरजेला जाऊन शिकून आलेली. परक्यांचं रक्त-पू पुसते म्हणून माहेरानं तिचं नाव टाकलं होतं. आई अक्कम्मा बाजाराला सोलापुरात येई, पण लेकीच्या खोलीवर तिनं कधी पाऊल ठेवलं नाही. "तुज्या दवाखान्यातनं मानसं चालत भाईर येऊ दे, मग येते की," एवढाच तिचा भावाबरोबर निरोप असे. चन्नम्मानं तो निरोप हसण्यावारी नेला, असं इतर नर्सांना वाटे. तिनं तो मुळीच हसण्यावारी नेला नव्हता. दवाखान्याचं नाव निघालं की तिला आपलंच नाव निघाल्यासारखं झोंबे, आणि एक दिवस आईला याच दारातून मानानं आत आणायचं, याखेरीज तिला दुसरं काही नको होतं.

एका उन्हाळ्यात मोहोळकडचा ज्ञानबा नावाचा धनगर बैलगाडीत घालून आणला गेला. तापानं फणफणलेला, डोळे पांढरे केलेला. त्याची बायको केराबाई पायरीवर वाटी घेऊन बसली, तुळशीचं पान टाकलं, आणि त्याचं तोंड उघडू लागली. चन्नम्माच्या डोक्यात काय सणक गेली कोण जाणे! ती तरातरा खाली उतरली, बाईच्या हातातली वाटी हिसकावली आणि एका दमात स्वतःच पिऊन टाकली.

केराबाई किंचाळलीच. "बाई, ह्ये काय केलं वो! त्येच्या वाटचं पानी हाय की त्ये!"

"आता माझ्या वाटचं झालं," चन्नम्मा म्हणाली. "उचला त्याला, आत चला."

ज्ञानबा जगला. नुसता जगला नाही, तर खांद्यावर घोंगडी टाकून, स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरून गेला. केराबाईनं हलगी लावून त्याला वेशीपर्यंत नाचवत नेलं. सगळं सोलापूर ते बघायला लोटलं.

मग काय विचारता! लोक पेशंटाबरोबर वाटी आणू लागले, पण आता ती चन्नम्मासाठी. मंद्रूपचे शेतकरी आले, साखर पेठेतले विणकर आले, विजापूर वेशीचे मुसलमान आले. पाणी तिनं प्यायल्याखेरीज माणूस आत न्यायला कुणी तयार होईना. डॉक्टरसाहेब आधी चिडले, मग हसले, मग गप्प बसले, कारण माणसं बरी होत होती. त्यांच्या औषधांनी की चन्नम्माच्या घोटांनी, याचा निकाल लावायची गरज कुणालाच वाटली नाही. पल्याडचा दवाखाना हे नाव मागं पडलं. लोक आता चन्नम्माचा दवाखाना म्हणू लागले, आणि ते कानांवर आलं की तिचा ऊर भरून येई.

तिला तहान लागेनाशी झाली, ती याच दिवसांत. सोलापूरचा वैशाख, पत्रे तापलेले, जो तो माठाशी उभा, आणि चन्नम्माला घोटभर पाण्याची आठवणही होत नसे. तिला गंमत वाटली. मग तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला घामही येत नाही. पुढं पुढं भूकही गेली. आरशात चेहरा मात्र असा तेजस्वी दिसे की तिचं तिलाच कौतुक वाटावं. लोकही तिच्याशी पहिल्यासारखं बोलत नसत. ती वॉर्डातून गेली की हात जोडत, मान खाली घालत. तिनं काही विचारलं तरी उत्तर न देता तसेच उभे राहत. मोठेपणा म्हणतात तो हाच, असं तिनं मनाशी म्हटलं. वर्षानुवर्षं ज्यांनी तोंडावर दार लावलं, त्यांची ही गत झालेली बघून तिला सुखच वाटलं.

आणि मग एका सकाळी अक्कम्मा आली.

एकटी नाही, भाऊ निंगप्पा, भावकी, मठाचे स्वामी, सगळं मैंदर्गी बरोबर. खोलीबाहेर वाजंत्री होती. चन्नम्मा बसल्या जागी भारावून गेली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, कपाळभर विभूती लावली, मांडी घालून बसवलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. स्वामींनी तिच्या मस्तकाला पाय लावला, तेव्हा आपल्या माणसांनी आपल्याला परत घेतलं, या आनंदानं तिला रडावंसं वाटलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही.

"माजी चन्नी लई मोटी झाली की गं," अक्कम्मा तिच्या गालावरून हात फिरवत शेजारणीला म्हणाली.

"आई, आलीस ना शेवटी!" चन्नम्मा म्हणाली.

अक्कम्मा पदरात तोंड खुपसून रडत राहिली.

केळीच्या खुंटांनी आणि झेंडूनं सजवलेल्या लाकडी विमानात तिला बसवलं. वडील गेले तेव्हा त्यांनाही मैंदर्गीत असंच बसवून नेलं होतं, हे तिला आठवलं, पण एवढी गर्दी त्यांच्या नशिबी नव्हती. गिरण्यांतले लोक काम टाकून आले होते. धनगर, विणकर, मुसलमान खांदा द्यायला एकमेकांना रेटत होते. चन्नम्माचा जयजयकार चालला होता. दवाखान्यासमोर सगळे डॉक्टर रांगेत उभे होते, आणि बरी झालेली माणसं लेकरांना उंच धरून तिला दाखवत होती. जिंकले, तिला वाटलं, सगळ्या सोलापुराला जिंकलं आपण.

विमान दारापाशी क्षणभर थांबलं आणि पुढं निघालं.

"निंगप्पा, दवाखाना मागं राहिला की रे," ती हसत म्हणाली. "आईला आत न्यायचंय."

निंगप्पानं डोळे पुसले, हात उंच केला, आणि तिची एका बाजूला कललेली मान हलकेच सरळ केली.