मिटल्या डोळ्यांची टोपली

छबूबाईनं पोत्याची गाठ दातांनी सोडली आणि पोतं चिंचेखाली अलगद आडवं केलं. आतून पाच पिल्लं घरंगळली. दोन भुरी, तीन काळीपांढरी. पाचांचेही डोळे मिटलेले, आणि एकाची वाळलेली नाळ अजून पोटाला चिकटलेली.

"आली का आणखी?" पांजरपोळाचे व्यवस्थापक विष्णुपंत ओसरीवरून म्हणाले. ते जागचे उठले नाहीत.

"पाच हाईत. कोन ठिवून गेलं, दिसलं न्हाई."

"दिसेल कसं? उजाडायच्या आत येतात."

भिंगारचं हे पांजरपोळ खरं म्हातार्‍या गुरांचं. पण चैत्र लागला, मांजरी व्यायला लागल्या, की गावातली पोती फाटकाशी यायला सुरुवात व्हायची. पिल्लं मारायची कुणाची छाती नव्हती. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, फाटकाशी ठेवायचं आणि घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं, की झाले मोकळे! पाप फाटकाशी राहायचं. आणि फाटकाच्या आत नऊ वर्षं छबूबाई होती.

यंदा तर दुष्काळानं कहर केलेला. तालुक्यातालुक्यातून हाडं निघालेली गुरं आणून सोडलेली. दुभत्या म्हणाव्यात अशा दोनच गायी, आणि त्यांच्या दुधावर आई मेलेली सहा वासरं. त्यातून तांब्याभर दूध छबूबाई पिल्लांसाठी मागून घ्यायची. आज पंतांनी तो तांब्या अर्धाच भरून दिला होता.

"येवढ्यात कसं व्हायचं, पंत?"

"वासरांच्या तोंडचं काढू का? तू असं कर, डोळे उघडलेल्यांनाच घाल. ती तगतात तरी. बाकीच्यांचं ईश्वर बघेल."

"ईश्वर कवा येऊन बसतोय हितं? हितं मीच बसती."

पंतांनी खाकरून वर्तमानपत्र उघडलं. माणूस वाईट नव्हता. वासरांची बरगडी न् बरगडी तोही रोज बघत होता.

आणि त्याचं खोटं नव्हतं, हीच तर चीड होती. डोळे उघडलेलं पिल्लू बशीतलं दूध चाटतं. मिटल्या डोळ्यांच्या पिल्लाला कापसाची वात दुधात बुडवून दर दोन तासांनी चोखवावी लागते, आणि एवढं करूनही तिसर्‍या दिवशी ते मान टाकतं. नऊ वर्षांत अशी शेकड्यानं आली, त्यातली जगलेली छबूबाईला एका हाताच्या बोटांवर सांगता आली असती.

तिनं दोन टोपल्या केल्या. एकीत डोळे उघडलेली चौदा. दुसरीत आजची पाच आणि कालची दोन, एक तांबूस, एक पांढरं. दूध पहिल्या टोपलीपाशी ठेवलं. दुसरी चिंचेच्या बुंध्याशी सावलीत सरकवली. सरकवताना एका भुर्‍यानं तिचं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं. तिनं बोट ओढून घेतलं. स्वतःचा असा संताप आला तिला, की खराटा उचलून ती थेट पलीकडच्या गोठ्यात गेली आणि झाडलेलाच गोठा पुन्हा झाडत राहिली. तिथंही ऐकू येत होतं.

दुपार कलली तेव्हा टोपलीतला आवाज थांबला होता. कालच्या दोघांच्या पोटात निदान कालच्या वातीचं दूध होतं, ती धुगधुगत होती. पोत्यातल्या पाचांच्या पोटात काहीच नव्हतं. छबूबाईनं कुदळ घेतली. गंजीमागची जमीन दगड झालेली, वीतभर खड्ड्याला घामाघूम झाली ती. पाचांना एकाशेजारी एक ठेवलं आणि माती लोटली.

हात झटकत ती पुढं आली, तर फाटकात छत्री मिटत प्रेमलाबाई उभ्या. देवळामागच्या गुरुजींच्या घरच्या. चालून धापा टाकत होत्या.

"छबू, पहाटे आमच्या गड्यानं पोतं ठेवलं होतं बघ. ती पिल्लं परत दे गं बाई."

"परत?"

"काय सांगू! आमची इंदू बाळंतपणाला आलीय ना, तिच्याच खोलीत व्याली मेली मांजरी. म्हणून पिल्लं उचलायला लावली. तर मांजरी सकाळपासून खिडकीशी बसून रडतेय नुसती! बाळ झोपेना. आणि बाळंतिणीच्या दाराशी असलं रडणं बरं का? इंदू तर हटूनच बसलीय. म्हणते, आई, आधी तिला तिची पोरं आणून दे, मग मला ताट वाढ."

छबूबाईनं मातीचे हात पदराला पुसले.

"दूध हाय तिला?"

"ओघळतंय गं! बसते तिथं फरशी ओली होते."

चार गल्ल्या पलीकडं दूध फरशीवर ओघळत होतं आणि ही इथं थेंबाला महाग झाली होती. छबूबाईच्या ओठांवर शिवी आली. तिनं ती गिळली.

"तुमची कोनती ती? रंग सांगा."

"मी कुठं बघितली? पाप नको म्हणून गड्यालाच सांगितलं. त्यानंही अंधारातच भरली."

"किती हुती?"

"असतील दोन-तीन."

छबूबाई चिंचेकडं गेली. तांबूस आणि पांढरं एकमेकांना बिलगून पडलं होतं. तिनं टोपली उचलली.

"ही घ्या."

"दोनच?" प्रेमलाबाईंनी टोपलीकडं न बघता विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "तूच घेऊन चल बाई. मला घरी गेल्यावर बाळाला घ्यायचंय."

मांजरी खिडकीखाली होती. अंगानं भुरी, पोटाला काळेपांढरे पट्टे. छबूबाईनं टोपली खाली ठेवून दोघांना तिच्यापुढं सोडलं. मांजरीनं तांबड्याला हुंगलं, पांढर्‍याला हुंगलं. कान मागं घेतले. मग पांढर्‍याच्या डोक्यावरून एकदा जीभ फिरवली आणि कुशीवर झाली. दोघं चाचपडत चाचपडत पोटाशी लागली.

"आईनं ओळखली गं!" प्रेमलाबाईंनी खोलीतल्या इंदूला ओरडून सांगितलं. "छबू, मोठं पुण्य लागलं हो तुला."

छबूबाई टोपली उचलायला वाकली. तेवढ्यात मांजरी पिल्लांना सोडून उठली. टोपलीपाशी आली, आत डोकं घालून तळ हुंगू लागली. एक कोपरा, दुसरा कोपरा. मग तिनं वर मान करून छबूबाईकडं बघितलं आणि सकाळपासूनचं ते रडणं पुन्हा सुरू केलं.

"आता काय झालं हिला?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "दुधाचा वास येत असेल टोपलीला."

"व्हय," छबूबाई म्हणाली. "दुधाचाच आसंल."

त्या टोपलीत दिवसभरात दुधाचा थेंब पडला नव्हता.