टाक आणि उभे फुगे

मित्रांनो, टाक म्हटल्यावर तुम्हाला ‘कचरा टाक’ किंवा ‘फेकून टाक’ आठवत असेल, तर तो टाक मी नव्हे. मी लिहायचा टाक आहे, आणि चांगला जुना आहे. लाकडाची दांडी, पुढे पोलादी निब आणि पोटात शाईचा टिपूसही नाही. दौतीत बुडवल्याशिवाय मी एक रेघ काढत नाही. आळशी म्हणा हवं तर. पण माझ्या रेघेची धार तुमच्या टोपणवाल्या पेनांना सात जन्मांत जमायची नाही.

माझी निब पोलादाच्या पत्र्यातून ठोकून काढली आणि तिला मधोमध एक बारीक चीर दिली. माझं सगळं कसब त्या चिरेत आहे. हात हलका असला की चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून राहतात आणि केसासारखी रेघ उमटते. दाब दिला की त्या फाकतात, रेघ जाड होते. दाब काढला की पुन्हा जवळ येतात.

मला विकत घेतलं ते आत्याने. ती नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होती. नद्या, घाट, रस्ते, विहिरी, सगळं आम्ही दोघांनी मिळून काढलं. साहेब नकाशा खिडकीशी धरून बघायचे आणि म्हणायचे, “वा, काय हात आहे.” हात तिचा होता हे खरं, पण टोक कोणाचं होतं? असो. मी ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे, थोडंसं घेतलं.

पुढे कचेरीत संगणक आले. आत्याने मला स्वच्छ पुसून घरी आणलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. खणात तुटकी मोजपट्टी होती, वाळून दगड झालेला डिंक होता आणि कुठल्या कुलपांच्या आहेत ते कोणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या होत्या. मित्रांनो, खणात पडून राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. वरून रोज हातांची ये-जा ऐकू येते आणि एकही हात आपल्यासाठी नसतो.

मग एके दिवशी चिकटपट्टी शोधताना आत्याच्या मोठ्या भाचीचा हात माझ्यावर पडला. तिला घरात सगळे ताई म्हणत. तिची धाकटी बहीण होती, तिला सगळे धाकटीच म्हणत, आणि त्याचा तिला भयंकर राग येई.

ताई चित्रं काढायची आणि धाकटी बोलायची. म्हणजे गोष्टी रचायची, पण ते सगळं तोंडाने. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आत्या हळूच कानातलं यंत्र बंद करून टाकी. मुलांच्या एका मासिकाने मंगा स्पर्धा जाहीर केली होती. मंगा म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा. गोष्ट स्वतःची हवी, चित्रं हाताने शाईत काढलेली हवीत आणि मूळ पानं मासिकाच्या कचेरीत नेऊन द्यायची. दोघींनी ठरवलं, आपण भाग घ्यायचा.

त्यामागे एक कारण होतं, पण ते कोणी बोलत नव्हतं. ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि स्पर्धेच्या मुदतीनंतर दोनच दिवसांनी ती निघणार होती. लहानपणापासून दोघी एका टेबलाशी बसून कागद काळे करत आल्या, पण एकत्र असं काही पुरं केलं नव्हतं. हे राहिलं तर पुन्हा दोघी त्या टेबलाशी कधी बसणार, कोण सांगणार? धाकटी दिवसभर जगातल्या सगळ्या विषयांवर बोले, पण ताईच्या जाण्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठे.

गोष्ट धाकटीची होती, आणि गोष्ट फक्कड होती. एका गावावरचं आभाळ जुनं होऊन फाटत असतं. दोघी बहिणी शिडीवर चढून त्याला ठिगळं लावत असतात. एकदा मोठं भगदाड पडतं. ते शिवायचं तर एकीने पलीकडे जाऊन तिकडून कापड धरायला हवं, आणि पलीकडे गेलेलीला लवकर परत येता यायचं नाही.

आत्याने ताईला मला धरायला शिकवलं. “दाबू नकोस,” ती म्हणायची, “लिंबू पिळायचंय का तुला?” ताईचा हात हळूहळू बसला. तिने वाचनालयातली मंगाची पुस्तकं गिरवून गिरवून अभ्यास केला होता. उडणारे केस, वाऱ्याच्या रेघा, भिजलेले डोळे, सगळं आम्ही काढलं. इतक्या वर्षांनी शाईत बुडताना मला काय वाटलं, ते विचारू नका. दोघींनी ठरवलं होतं, आधी सगळी चित्रं शाईत करायची आणि पात्रांच्या तोंडापाशी काढलेले बोलण्याचे फुगे शेवटच्या दिवशी भरायचे.

शेवटचा दिवस उजाडला. मासिकाची कचेरी संध्याकाळी बंद होणार होती. जेवणं उरकून दोघी टेबलाशी बसल्या. धाकटीने पहिलं वाक्य सांगितलं, “अगं, उत्तरेकडची शिवण उसवली वाटतं.” ताईने मला बुडवलं, पहिल्या फुग्यावर नेलं आणि तिथेच थांबवलं. ‘उत्तरेकडची’ हा एक शब्दसुद्धा फुग्यात मावत नव्हता.

सगळे फुगे उभे होते. उंच आणि अरुंद, काकडीसारखे. जपानी अक्षरं वरून खाली एकाखाली एक लिहितात, म्हणून त्या पुस्तकांतले फुगे उभे असतात, आणि ताईने डोळे झाकून तेच उचलले होते. आपली अक्षरं पडली एका रेषेला लटकून आडवी चालणारी. तिने एका चिठोऱ्यावर ती एकाखाली एक लिहून पाहिली. आत्याने चष्मा लावून वाचलं.

“हा डोळे तपासायचा तक्ता आहे का गं?”

कोणी हसलं नाही.

“तू तुझं बोलणं कमी कर,” ताई म्हणाली.

“का म्हणून? फुगे तू चुकवलेस, तू मोठे कर.”

“शाईत काढलेत. मागे चेहरे आहेत.”

“हो, चेहरे तुझे ना. ते कसे पुसशील?” धाकटीचा आवाज चढला. “तुला माझं बोलणं नेहमी जास्तच होतं. परवा सुटशील एकदाची.”

ताईने पांढऱ्या रंगाची बाटली ओढली, एका फुग्याची कड पुसली आणि मला घेऊन नवी आडवी कड काढायला लागली. तिने दाबलं. मी कुरकुरलो. तिने आणखी दाबलं. ओल्या पांढऱ्या रंगात माझं टोक रुतलं, कट् असा आवाज झाला, आणि माझ्या निबेच्या दोन्ही बाजू फाकल्या त्या फाकल्याच. दाब काढला तरी जवळ येईनात. दुसरी निब घरात नव्हती.

मला दुखलं, मित्रांनो. पण त्याहून वाईट वाटलं ते त्या दोघींकडे बघून. ताई तोंड हातांत धरून बसली. धाकटी गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली शाळेच्या बसेस परत यायला लागल्या होत्या.

आत्या मला उचलून उजेडात धरत म्हणाली, “आता हा जाडच लिहील. बारीक विसरा. मोठी अक्षरं, थोडी अक्षरं.” मग गॅलरीकडे तोंड करून ती जरा मोठ्याने म्हणाली, “तुझी आई फोनवर अर्धा अर्धा तास नुसतं ‘हं’ म्हणते. आणि पलीकडच्या बाईला सगळं कळतं.”

मग धाकटी आत आली, खुर्ची ओढून बसली आणि पेन्सिलीने आपलीच वाक्यं खोडायला लागली. “अगं, उत्तरेकडची शिवण उसवली वाटतं” याचं झालं “अगं!” शेजारणीचं लांबलचक भांडण होतं, तिथे आलं “छे.” सरपंचबाईंच्या भाषणाच्या जागी “बरं.” प्रत्येक खोडण्याबरोबर तिचा चेहरा पडत होता. वाईट वाटत होतं तिला, दिसत होतं. पण ताई एकेक शब्द जाड टोकाने फुग्यात उतरवत गेली, आणि शब्द बसत गेले. चित्रातले डोळे आता जास्त बोलायला लागले होते. हे पहिल्यांदा धाकटीच म्हणाली.

शेवटचं पान राहिलं. मोठी बहीण आभाळाच्या भगदाडातून पलीकडे चालली आहे आणि धाकटी शिडीवर उभी आहे. इथे धाकटीचं भलंमोठं भाषण होतं. तिने ते सगळं आडवी रेघ मारून काढून टाकलं आणि पेन्सिल खाली ठेवली. ताईने वरच्या फुग्यात लिहिलं, “येते.” आपल्यात जाणारा माणूस ‘जाते’ थोडंच म्हणतो.

मग तिने मला धाकटीच्या हातात दिलं. “हा तू लिही.”

धाकटीने मला कधीच धरलं नव्हतं. तिने मला झाडूसारखं मुठीत पकडलं. शाईत बुडवलं, फुग्यावर नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. कचेरी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता, पण घाई कर असं कोणी म्हणालं नाही. शेवटी तिने लिहिलं, “ये.” एकच अक्षर, वाकडं, जाड, मात्रा जरा लांबलेली. आणि लिहिल्यावर ती टेबलावर डोकं ठेवून रडली. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडली. आत्याने पान चटकन बाजूला ओढलं, कारण पाणी शाईला चालत नाही.

शाई ओलीच होती. पुढचं मी ऐकून सांगतो. ताईने स्कूटर काढली आणि धाकटी बाकीची पानं पिशवीत घालून, ते ओलं पान दोन्ही तळव्यांवर ताटासारखं धरून मागे बसली. कचेरीतल्या कारकुनाने कुलूप हातात घेतलं होतं. “हे ओलं आहे,” तो म्हणाला. धाकटी, जी एका प्रश्नाला दहा वाक्यांत उत्तर देते, एवढंच म्हणाली, “वाळेल.” त्याने ते घेतलं.

ताई गेली. निकाल अजून लागायचा आहे. मला नवी निब बसवली आहे आणि आता मी धाकटीकडे असतो. तिला चित्रं येत नाहीत. काल तिने कोऱ्या पानावर चौकटी आखल्या आणि त्यांत नुसते फुगे काढले, आडवे, ऐसपैस. बाकी सगळी जागा तिने ताईच्या चित्रांसाठी रिकामी सोडली, पान पाकिटात घातलं आणि वर ताईचा नवा पत्ता घातला.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्या घरातल्या खणात सापडला तर त्याला बाहेर काढा. काम झालं की धुवा, पुसून कोरडा ठेवा. आणि रागात असाल तेव्हा आधी हातातलं खाली ठेवा, बोलून घ्या, मग आम्हाला उचला. निब काय, बाजारात नवी मिळते.