काठावर पास

मी नमुना बोलतोय. हसू नका. "काय एकेक नमुना असतो!" असं म्हणून तुम्ही ज्यांची टर उडवता, त्यांतला मी नाही. मी खराखुरा नमुना आहे. एखादी वस्तू बाजारात येण्याआधी ती कशी दिसेल, हातात कशी बसेल, हे बघायला करतात ना, तो. दिसायला मी अगदी मोबाइल फोन. समोर काच, पाठीला प्लॅस्टिक, कडेला तीन बटणं. पण पोटात फोनमधलं काही म्हणजे काही नाही. वजन खऱ्यासारखं भरावं म्हणून आत दोन लोखंडी पट्ट्या चिकटवल्या आहेत, बस्स. मी वाजत नाही, उजळत नाही, कुणाचा निरोप कुणाला पोचवत नाही.

पोट रिकामं असलं की चौकशा फार सुचतात, असा माझा अनुभव आहे. मी सारखा माणसांकडे बघत असतो. मला उचलणारा प्रत्येक जण आधी तळहातावर जोखतो, मग कडेवरून अंगठा फिरवतो, आणि मग, मी पोकळ आहे हे पक्कं ठाऊक असूनही, इकडेतिकडे बघून हळूच कानाला लावतो. काय ऐकू येईल असं वाटतं त्यांना? विचारायची फार इच्छा आहे, पण मला तोंड नाही.

आधी मी ताईच्या संगणकावर नुसत्या रेघा होतो. ताई म्हणजे मला घडवणारी. फोनच्या पोटात काय असावं हे दुसरे लोक ठरवतात, त्याचं अंग कसं असावं हे ती ठरवते. कार्यालयात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मग रेघांचा मी झालो. थरावर थर चढवणाऱ्या एका यंत्रानं माझी पाठ घडवली, चांगली गोलसर, कासवासारखी. काच वेगळीकडून आली. तिला म्हणे वितळलेल्या क्षारात बुडवून ठेवतात. क्षारातले जाडे कण काचेतल्या बारीक कणांना हुसकावून तिथं दाटीवाटीनं बसतात, आणि त्या दाटीमुळे काच घट्ट होते. हे ऐकून मला नवल वाटलं. माणसं गर्दीत वैतागतात, काच गर्दीत मजबूत होते.

काच आणि प्लॅस्टिक यांचं लग्न लावलं ते साचेवाल्यांनी. साचे आणि नमुने करणारे हे मिशाळ गृहस्थ, तोंडात सदा एक पेन्सिल. दोघांचा सांधा त्यांनी इतका घासला, इतका घासला, की काच कुठं संपते आणि प्लॅस्टिक कुठं सुरू होतं ते कळेना.

"ताई, नख फिरवून बघा," ते म्हणाले.

ताईनं नख फिरवलं. कुठं अडलं नाही. तिनं डोळे मिटून पुन्हा फिरवलं.

"लोणी आहे हो, लोणी!"

"नख अडलं तर मिशी काढीन," साचेवाले म्हणाले. त्या दिवशी दोघांनी माझ्यावरून इतकी नखं फिरवली, की मला गुदगुल्या होत असत्या तर मी हसून हसून टेबलाखाली गेलो असतो. मला मात्र आपण फार देखणे आहोत असं वाटू लागलं. वाटणारच. दोन माणसं दिवसभर कौतुक करत असतील तर कुणाचंही डोकं फिरतं.

पण सर आले आणि त्यांनी नाक मुरडलं. सर म्हणजे ताईचे वरिष्ठ.

"हा फोन वयस्कर लोकांसाठी आहे ना? मग काच कशाला? पाडतील. सगळा प्लॅस्टिकचा करा. वर जाड रबर, मोठाली रंगीत बटणं. माझ्या नातवाचं खेळणं आहे तसं."

"सर, मोठी माणसं आहेत ती. लहान मुलं नव्हेत."

"पडला की फुटणार, एवढं मला कळतं. येत्या आठवड्यात ठरवू. काच ठेवायचीच असेल तर मला कारण दाखवा."

सर गेल्यावर ताई साचेवाल्यांना म्हणाली, "घरी बाबांना आम्ही प्लॅस्टिकचा पेला दिलाय. आता फोनही खेळण्यातलाच देऊ का?" साचेवाल्यांनी पेन्सिल तोंडातून काढून कानामागे खोचली. ताईनं मला मऊ फडक्यात गुंडाळलं, पिशवीत टाकलं आणि घरी नेलं.

ताईच्या बाबांचं काचेच्या भांड्यांचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी काचच हाताळली. गिऱ्हाइकाला पेला दाखवताना नखानं टिचकी मारून नाद ऐकवायचे आणि म्हणायचे, "काच कधी पडत नाही साहेब, पडतो तो हात." आता त्यांचाच हात पडायला लागला होता. हाताला कंप सुटला होता. घरातली भांडी एकामागून एक फुटली, तेव्हा आईनं उरलेली काच माळ्यावर टाकली आणि बाबांसाठी दोन कानांचा प्लॅस्टिकचा पेला आणला. तेव्हापासून बाबा कुणासमोर पाणी प्यायचे नाहीत. पुढे पुढे कुणासमोर काही हातातच धरायचे नाहीत. संध्याकाळी बागेत मित्रांकडे जायचे, तेही बंद केलं. तिथं कुणी चहाचा कप पुढं केला तर काय करायचं? त्यापेक्षा घर बरं. ताईला हे दिसत होतं आणि ते तिला सोसवत नव्हतं. बाबांनी खिशात फोन टाकून पुन्हा बाहेर पडावं, एवढ्यासाठी ती माझ्यामागे लागली होती. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

तिनं मला बाबांच्या पुढ्यात ठेवलं. "बाबा, बघा तरी, कसा झालाय."

बाबांनी हात मांडीखाली घेतले. "छान आहे. राहू दे तिथंच."

"हातात घेऊन बघा ना."

"तुझी एवढी मेहनत. माझ्या हातून पडेल."

"पडू दे. नुसता नमुना आहे, आतून पोकळ."

बाबांचा चेहरा उतरला. "वा! पेला प्लॅस्टिकचा आणि फोन पोकळ. आता जेवायला ताटही चित्रातलं द्या."

"बाबा, तसं नाही हो..."

"कळलं, कळलं. जा, तुझी आई बोलावतेय."

आईनं काही बोलावलं नव्हतं. पण ताई आत गेली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मला वाटतं, त्यांच्यातही माझ्यासारखीच उत्सुकता जागी होती. थोड्या वेळानं त्यांनी मांडीखालून हात काढला आणि मला नखानं टिचकी मारली.

"अरे, काच खरी आहे की!" ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी मला उचललं. बोटं थरथरत माझ्या कडेवरून फिरली, काहीतरी शोधत होती, कुठं टेकायला जागा. जागा नव्हती. लोणी ना मी! पुढच्या क्षणी मी हवेत होतो.

खरं सांगू? पडण्याबद्दल मला केव्हापासून उत्सुकता होती. ज्याला सगळे एवढे घाबरतात ते असतं तरी कसं? असतं असं, की एक क्षण वजनच नसतं, पोटातल्या लोखंडी पट्ट्याही हलक्या होतात, आणि मग एकदम फरशी येते. मी पालथा पडलो, काच खाली, पाठ वर. कोपऱ्यात एक बारीक तडा गेला. दुखलं नाही, पण देखणेपणाचा तोरा तेवढा उतरला.

बाबा खाली बसले आणि मला उचलू लागले. उचलताच येईना. काच फरशीला चिकटून बसलेली, पाठ कासवाची, बोटं वर चढायची आणि घसरून खाली यायची. नख खाली घालावं तर फट नाही. ज्या सांध्यावर नख अडत नाही म्हणून दोन माणसं दिवसभर हुरळली होती, तिथं बाबांना नख अडायलाच हवं होतं. त्यांनी मला ढकलत भिंतीपर्यंत नेलं, तरी जमेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी खुर्चीवरचं वर्तमानपत्र ओढलं आणि माझ्यावर पांघरलं.

त्याच वेळी ताई दारात आली. किती वेळापासून उभी होती कोण जाणे.

"पडला," बाबा मान वर न करता म्हणाले. "पाडला मी. सांगितलं होतं तुला."

आता ती "असू दे हो बाबा" म्हणेल, मला पटकन उचलेल, फडक्यात गुंडाळेल, असं मला वाटलं. माणसं असंच करतात. पण ताईनं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि सरळ फरशीवर मांडी घातली.

"उचलताना काय होत होतं?"

"काय होणार? हात गेले माझे."

"हाताचं नका सांगू. फोनचं सांगा. बोट कुठून सटकत होतं?"

बाबांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग बोट माझ्या कडेवर ठेवून म्हणाले, "इथून. इथं काही धरायलाच नाही. घाटच असा केलाय तुम्ही लोकांनी."

"परत पाडा."

"काय?"

"परत पाडा ना बाबा. मला बघायचंय."

ताईनं मला उचलून पुढं केलं. बाबांनी मला तिच्याकडून घेतलं आणि पाडलं. मग उचलायला गेले, जमलं नाही, तर ताईनं स्वतः डोळे मिटून, बोटं ताठ करून उचलून पाहिलं. तिलाही जमलं नाही. बाबांना हसू आलं. "बघ! आणि तुझे हात धडधाकट!" पुन्हा पाडलं. उताणा, पालथा, कोपऱ्यावर, सतरंजीवर. आवाज ऐकून आई धावत आली.

"अहो, हे काय चाललंय? इकडे मी काच जपून जपून ठेवतेय, आणि तुम्ही बापलेक पाडापाडी खेळताय?"

"काम चाललंय आमचं," बाबा ऐटीत म्हणाले. "तू जरा बाजूला हो, पायावर पडेल."

त्या घरात पाडण्याचं काम कुणी तरी बाबांवर सोपवलं होतं, आणि ते त्यांना उत्तम जमत होतं. त्यांच्या आवाजात दुकानातला मालक परत आला. "दोरा आण," ते म्हणाले. "डिंक आण." ताईनं माझ्या कडेनं दोरा चिकटवला, म्हणजे काचेच्या वर आणि जरासा बाहेर असा बारीकसा काठ झाला. बाबांनी मला पालथं पाडलं. बोटं फिरली, काठाला नख अडलं, आणि मी फरशीवरून वर आलो. हात थरथरतच होता. पण मी हातात होतो.

"आता सापडतोय," बाबा म्हणाले.

काठाचा नवा नमुना करताना साचेवाले आधी नाखूश होते. एवढा सुंदर सांधा आपल्याच हातानं मोडायचा! पण केला. आठवडा संपता संपता सर आले, तेव्हा ताईनं मला आणि माझ्या नव्या भावाला टेबलावर पालथं ठेवलं. माझा दोरा काढून मला पुन्हा गुळगुळीत केलं होतं. तिनं सरांना लोकरीचे जाड हातमोजे घालायला दिले. सरांनी आधी मला उचलायचा प्रयत्न केला. टेबलभर फिरवलं मला. शेवटी हातमोजा तोंडानं ओढून काढायला लागले, तेव्हा साचेवाल्यांना पाठ फिरवून हसावं लागलं. भाऊ मात्र लगेच उचलला गेला. मग भावाला उंचावरून पाडायच्या यंत्रात घातलं. प्रत्येक वेळी आधी काठ आपटला, काच अधांतरी राहिली. काठाला खरचटलं, एके ठिकाणी छोटा टवकाही उडाला, पण काच शाबूत.

सर बराच वेळ टवका न्याहाळत राहिले. "बरं. ठेवा काच."

"काठावर पास झालो, ताई!" साचेवाले म्हणाले, आणि मग सरही हसले.

भाऊ कारखान्यात गेला. त्याच्यासारखे पुष्कळ तयार झाले, पोटात वीज घेऊन. त्यांतला पहिला बाबांना मिळाला. मी ताईच्या घरीच राहिलो, टीव्हीशेजारी, तडा गेलेला. आल्यागेल्यांतले काही जण मला अजून उचलतात आणि कानाला लावतात. तुम्ही कधी आलात तर तुम्हीही लावाल. लावा, पण एक ऐका. कुणाच्या हातून काही पडलं, तर लगेच झेप घालून उचलू नका. जरा थांबा आणि बघा. बिचारा हात, असं म्हणण्याआधी त्या वस्तूला विचारा, तू अशी कशी गं?

काल संध्याकाळी आईचा फोन वाजला. आई फोन कानाला लावत नाही, टेबलावर ठेवते आणि मोठ्यानं ओरडते, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. बाबा बोलत होते. मागून गाड्यांचा आवाज, माणसांचा आवाज.

"बागेच्या फाटकाशी आहे मी."

"अहो, झालं काय? पडलात का कुठं?"

"मी नाही गं. फोन पडला होता. बरेच लोक होते. मीच उचलला. तेवढंच सांगायला केला."

ताईनं हातातलं काम टाकलं आणि टेबलावर वाकली.

"बाबा, उताणा पडला होता की पालथा?"



"पालथा," बाबा म्हणाले.