झुकिनीची खीर आणि बदनाम किसणी

मित्रांनो, मी यशोदाबाईंच्या घरातली जुनी पितळी किसणी आहे आणि मी संतापलेली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी डोळे पुसतात, हे मला ठाऊक आहे. मला रडायचं नाही. एका नऊ वर्षांच्या मुलीला आजारी पाडल्याचा आळ माझ्यावर आला. मला भंगाराच्या गोणीत कोंबलं आणि खरा गुन्हेगार फ्रीजमध्ये थंडगार लोळत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हणून जे सांगायचं ते रागानंच सांगते.

माझा जन्म पनवेलच्या बाजारातला. एका तांबटानं पत्रा कापला, चार बाजूंनी वळवला आणि खिळा ठोकून ठोकून मला भोकं पाडली. प्रत्येक भोकाची कड वर उचलली गेली, तेच माझे दात. यशोदाबाईंच्या आईनं मला लेकीच्या लग्नाच्या भांड्यांत घातलं आणि मी त्यांच्याबरोबर जासईला सासरी आले.

तेव्हा घरामागं भाजीचा वाफा होता. पावसाळ्यात मांडवावर तवसं लोंबायची, हाताएवढी मोठी काकडी. दुधी, दोडका, पडवळ सगळं माझ्या अंगावरून गेलं. पण यशोदाबाईंचा एक नियम होता. यातलं कुठलंही फळ घेतलं की आधी देठाकडचं टोक कापायचं, एक पातळ चकती काढायची आणि कच्चीच जिभेला लावायची. कडू लागली तर फळ थेट उकिरड्यावर. एकदा त्यांच्या नणंदेनं विचारलं, "वहिनी, इतकी भीती कं?"

"भीती नाय, अक्कल हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "याच्यात एखादा कडू निंगतो. कडू पोटात गेला तर मानूस आडवा होतो."

हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकलं. मला पाठ आहे. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांना मात्र नव्हतं.

पुढं वाफा गेला, मांडव गेला, त्या जागी कंटेनरच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. यशोदाबाईंचा मुलगा कुंदन तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर झाला आणि सगळे द्रोणागिरीला सातव्या मजल्यावर राहायला आले. सुनेनं, रंजितानं, मिक्सरबरोबर किसायचं यंत्र आणलं. मला ओट्याखालच्या खणात मागं सारलं. तीन वर्षं मी तिथं होते. सोबतीला एक तुटकं चहाचं गाळणं होतं, ते बोलायला बरं होतं.

मग या घरात झुकिनी आली.

काकडीसारखी दिसणारी ही परदेशी भाजी रंजितानं मॉलमधून आणली. हिरव्या दोन आणि एक पिवळी. मोबाईलवर बघून तिनं दोन झुकिनींच्या लांब पट्ट्या काढल्या, उकडल्या आणि वर चीज घातलं. ताटात पाणीच पाणी झालं. मनस्वीनं, म्हणजे तिच्या लेकीनं, चमच्यानं ते ढवळलं आणि तोंड वाकडं केलं. कुंदन म्हणाला, "ही भाजी हाय की लगदा?" रंजिता बिचारी ओट्याशी उभी राहून एकटीच ते खात होती.

यशोदाबाईंनी उरलेली झुकिनी उचलली, उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "अगो, हा तं तवशाचाच भाऊबंद. याला उकडतात कं? आन माझी किसनी."

मित्रांनो, त्या दिवशी मला बाहेर काढलं, चिंच लावून घासलं आणि मी झळकले. यशोदाबाईंनी आधी चकती चाखली, मग झुकिनी सालासकट माझ्यावर किसली. किसाला मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं, मूठ आवळून पाणी काढलं. ते पाणी फेकलं नाही. हे खारट पाणी मोरीत ओतणाऱ्यांचा मला फार राग आहे, सगळी चव त्यात असते. त्याच पाण्यात त्यांनी तांदळाचं पीठ कालवलं, कीस, मिरची, कोथिंबीर, जिरं घातलं आणि तव्यावर जाळीदार घावन काढले. मनस्वीनं चार खाल्ले.

मग काय, घरात झुकिनीचे दिवसच आले. फोडी करून सुकटीबरोबर, लसूण ठेचून. सुकट आधी कोरडी भाजायची आणि झुकिनी शेवटी घालायची, झाकण ठेवायचं नाही, म्हणजे लगदा होत नाही. पिवळीचा कीस बेसनात मिसळून वाफवलेल्या वड्या, वर तीळ. दही आणि दाण्याचा कूट घालून कोशिंबीर. रंजिता शिकत गेली आणि तिचा हातही बसला. सोसायटीतल्या बायकांना ती डबे देऊ लागली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

चौथ्या मजल्यावरच्या क्षिप्रानं बदल्यात तिला आपल्या घरच्या झुकिनीच्या बिया दिल्या. क्षिप्राच्या बाल्कनीत झुकिनीचा वेल होता आणि शेजारच्याच कुंडीत शोभेचे भोपळे. ते छोटे, रंगीत, काचेच्या भांड्यात ठेवायचे. हे भोपळे दिसायला देखणे आणि आतून जहर कडू असतात. दोघांची जात एकच, मधमाशीला कुठं कळतं कोण शोभेचं आणि कोण खायचं? तिनं एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलात नेले. फळ बाहेरून झुकिनीच राहिलं, कडूपणा उतरला तो बियांत. क्षिप्राला हे ठाऊक नव्हतं, तिच्यावर माझा राग नाही. रंजितानं थंडीच्या सुरुवातीला आपल्या कुंडीत बी लावलं आणि जानेवारीत वेलावर पहिलं फळ धरलं.

पहिलं फळ देवाला. ही या घराची जुनी रीत आणि रीत चांगलीच आहे. माघी गणपती जवळ आला होता. रंजितानं ठरवलं की या पहिल्या झुकिनीची खीर करायची, दुधीची करतात तशी, आणि बाप्पाला दाखवायची.

माघी चतुर्थीला सकाळी तिनं झुकिनी धुतली, मला पाटावर ठेवलं. यशोदाबाईंनी सुरी घेतली आणि सवयीनं देठाचं टोक कापलं. चकती तोंडाकडं नेणार तेवढ्यात रंजिता ओरडली.

"आई! काय करताय? देवाचं आहे ते, उष्टं कराल!"

"अगो कच्चा हाय. आजून नैवेद कुठं झालाय?"

"पहिलं फळ आहे ना? मग देवाच्या आधी कुणी तोंड लावायचं नाही. प्लीज आई, सणाच्या दिवशी टेन्शन नको."

हॉलमधून कुंदन म्हणाला, "आई, राहू दे ना. ती करतेय ना मनापासून."

आणि यशोदाबाईंनी चकती खाली ठेवली. चाळीस वर्षांचा नियम, आणि मूग गिळून बसल्या! मित्रांनो, माझा सगळ्यात जास्त राग रंजितावर नाही. तिला माहीत नव्हतं. राग यशोदाबाईंवर आहे, कारण त्यांना माहीत होतं. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून त्या गप्प बसल्या. घरातली शांतता त्यांना नातीच्या पोटापेक्षा मोठी वाटली.

झुकिनी माझ्यावर आली आणि पहिल्याच घासाला मला कळलं. माझ्या दातांवरून आयुष्यभर रस वाहिला आहे. हा रस वेगळा होता. मी ओरडू शकत असते तर अख्खी सोसायटी गोळा केली असती. मी एवढंच केलं, रंजिताच्या बोटाला एक ओरखडा काढला. तिनं बोट पाण्याखाली धरलं आणि पुन्हा किसायला लागली.

तुपात कीस परतला, दूध घातलं, साखर, वेलची, केशर. छान वास सुटला. नैवेद्य दाखवला, आरती झाली. फळ लहान, त्यामुळं खीर वाटीभरच होती. मोठ्यांनी तळहातावर थेंबभर घेतली, डोळ्यांना लावली आणि गिळली. कुंदन म्हणाला, "वेलची जरा जास्त झाली काय?" एवढंच. उरलेली अख्खी वाटी मनस्वीच्या हातात, कारण प्रसाद लेकराला.

तिनं एक चमचा खाल्ला आणि ती थांबली.

"मम्मी, कडू आहे."

"प्रसादाला नावं ठेवू नये," रंजिता म्हणाली.

"पण खरंच कडू आहे. जीभ कशीतरी होतेय."

"मनस्वी, टाकायचा नसतो प्रसाद. बाप्पाला काय वाटेल? डोळे मिटून संपव."

मुलीनं आजीकडं बघितलं. आजीनं निरांजनाची वात सारखी केली. मुलीनं वाटी संपवली. प्रत्येक चमच्यानंतर पाणी प्यायली, पण संपवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा काय असतो?

दुपारी दोनला तिला उलट्या सुरू झाल्या. मग पोट धरून ती जमिनीवर लोळायला लागली. कुंदननं तिला उचलून खाली नेलं, लिफ्टची वाटही बघितली नाही. दोन दिवस ती दवाखान्यात सलाईनवर होती. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, काही कडू-बिडू? यांनी सांगितलं, नाही हो, प्रसाद खाल्ला. प्रसाद म्हटल्यावर डॉक्टर तरी काय बोलणार?

घरी आल्यावर कुणाला तरी जबाबदार धरायला हवं होतं. कुंदनची नजर ओट्यावर फिरली आणि माझ्यावर थांबली. "ही पितळेची हाय ना? पितळेत कळकतं, खाणं बिघडतं. हिच्यानंच झालं." कळकतं, पण आंबट! ताक, चिंच पितळेत तासन्‌तास ठेवली की कळकते. दोन मिनिटं झुकिनी किसून कुठलं पितळ कळकवतं? आठवडाभर आधी याच मुलीनं माझ्यावर किसलेल्या झुकिनीचे घावन चापले होते. पण विचार कोण करणार? रंजितानं मला दोन बोटांत धरलं आणि ड्राय बाल्कनीतल्या भंगाराच्या गोणीत टाकलं. यशोदाबाई बघत होत्या. पुन्हा गप्प.

गोणीचं तोंड उघडं होतं आणि स्वयंपाकघराचं दार समोर. मला सगळं दिसत होतं. वेलावरचं दुसरं फळ रंजितानं तोडून फ्रीजमध्ये ठेवलं. माझ्या जागी स्टीलची नवी किसणी आली. मनस्वी बरी होऊन शाळेत जायला लागली, त्या शनिवारी रंजिता म्हणाली, "चल, आज तुझ्या आवडीचे घावन." आणि तिनं तेच फळ बाहेर काढलं.

मनस्वी दारातच उभी राहिली. हाताच्या पाठीवर सलाईनचा निळा डाग अजून होता.

"मला नको. ते कडू आहे."

"अगं, किसणीमुळे झालं होतं ते. किसणी टाकली ना आपण?"

"किसणीमुळे नाही. तेच कडू आहे."

"मनू, नाटकं बस झाली," कुंदन म्हणाला. "मम्मीनं किती मेहनतीनं लावलंय."

मुलीचा आवाज चढला. "आजी, तू सांग ना! तू चाखून बघ ना!"

रंजितानं झुकिनी नव्या किसणीवर ठेवलीही होती. यशोदाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि सुनेच्या हातातून ते फळ ओढून घेतलं. सुरीनं चकती काढली, जिभेवर ठेवली. पुढच्या क्षणी त्या सिंकवर वाकून थुंकत होत्या, खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. चूळ भरली, पुन्हा थुंकल्या. मग त्यांनी दोन जाड चकत्या कापल्या आणि एक मुलापुढं, एक सुनेपुढं धरली.

"खा."

"आई, काय हे..."

"खा बोलली ना. नातीनं वाटीभर खाल्ला. तुमी चकती खा."

दोघांनी तोंडात टाकली. दोघंही सिंकवर. रंजिता तोंड धूत राहिली, धूत राहिली आणि तिथंच खाली बसली. कुंदननं कुंडीतला वेल मुळासकट उपटला आणि पिशवीत भरला. मग हात झटकून म्हणाला, "चला, झालं ते झालं. विषय संपला. आजपासून विकतचीच झुकिनी आणि तीही चाखून."

विषय संपला म्हणे! मित्रांनो, नियम परत आला, चांगलं झालं. मी अजून गोणीत आहे, रविवारी भंगारवाला येईल. मला कुणी सॉरी म्हटलं नाही, नका म्हणू. पितळ आहे, वितळून दुसरं काही होईन. पण त्या मुलीला? ती पहिल्या चमच्याला खरं बोलली होती. घरातली तीन मोठी माणसं समोर उभी होती. त्यांतल्या एकानंही अजून तिला म्हटलेलं नाही, की मनस्वी, तुझं बरोबर होतं, आम्ही चुकलो. ती जेवायला बसली, ताटातलं आधी जिभेच्या टोकाला लावून बघत होती आणि आई म्हणाली, "पटपट खा गं, किती वेळ!"

म्हणून तुम्हाला सांगते. मोठी माणसं तुम्हाला अन्न टाकू नका म्हणतात, ते ऐका. भाजी आवडली नाही म्हणून नाक मुरडू नका. पण भोपळा, काकडी, दुधी, झुकिनी कडूजहर लागली तर ती गिळायची नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं असो, आई डोळे वटारत असो, देवासमोर बसलेले असा. थुंका. आधी थुंका, चूळ भरा, आणि मग मोठ्यानं सांगा, कडू आहे. कुणी रागावलं, तर त्यांच्यापुढं वाटी करा आणि म्हणा, तुम्ही खाऊन दाखवा.